करंड्यातलं मेण

मामंजी, काल माझी नात, म्हणजे तुमची पणती, कॉलेजातनं येताना एक बुटकी डबी घेऊन आली. म्हणाली, "आजी, हे फोटोवर लावायचं मेण. फोटो लई वर्षं टिकतो." मी झाकण काढून वास घेतला आणि मला असं हसू सुटलं की पोरगी घाबरली. मधाच्या पोळ्याचं मेण आणि टरपेंटाईन, दुसरं काय! तुमच्या दुकानाचा वास. पोरीनं न्हाणीघरात अंधार करून स्वतः फोटो धुतलेत. म्हटलं, दे इकडं. बोटावर एवढंसं घेतलं आणि फिरवायला लागले. बोट काही विसरलं नव्हतं.

मी मंगळवेढ्यास्नं तुमच्या घरी आले ती दुसरी शिकलेली. दुकानाची पाटी वाचायला मला दोन महिने लागले. तुमचे चिरंजीव गिरणीच्या पाळीवर, सासूबाई आधीच गेलेल्या. भाकऱ्या झाल्या की मी पुढच्या खोलीत, तुमच्या स्टुडिओत, खिडकीपाशी बसायची. तुम्ही आत लाल दिव्यात फोटो धुणार आणि मी बाहेर सुकलेल्या फोटोंना मेण लावणार. आपल्याकडं लोक फोटोला गंध लावतात, हार घालतात, वर ओल्या फडक्यानं पुसतात. मेण असलं म्हणजे कागद सोसतो, असं तुम्ही सांगायचात. पहिल्या दिवशी मी पोळीला तूप लावावं तसं भरपूर लावलं, तर केवढे ओरडलात! "सूनबाई, लावायचं कमी, पुसायचं जास्त!" मग धोतराचा जुना तुकडा घेऊन मी पुसत बसले, आणि काय सांगू. सुकलेल्या फोटोतलं काळं असतं चुलीतल्या राखेसारखं. मेण लागलं की ते खोल खोल जातं, विहिरीत वाकून बघावं तसं. पागोट्याची घडी वर येते, मिशीतला केसन् केस वर येतो. मी हातच जोडले. तुम्ही आतनं बाहेर येऊन बघताय. "अगं, तो करकंबचा गूळवाला हाय, देव न्हाय." हसलात. पण मामंजी, मला अजून वाटतं, मी हात जोडले ते बरोबरच होतं.

आता त्या वळसंगच्या बाईंचं लिहिते. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आल्या होत्या. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. लेक दूर दिलेली, तिला आईचा फोटो भिंतीला हवा होता. खुर्चीत बसल्या आणि तुम्हाला विचारलं, "कपाळ झाकंल असा पदर घिऊ का?" तुम्ही म्हणालात, "जशा हाय तशा बसा की." त्या बसल्या. पण हात दोनदा कपाळाकडं गेला, मी बघितला.

फोटो न्यायला यायच्या त्या दिवशी दुकानातलं मेण संपलं. फोटोचा कागदही तो शेवटचाच, नवा यायला आठ दिवस. तुम्ही आत कामात. मी विचार केला, मेण ते मेण, आणि कुंकवाच्या करंड्यातलं माझं मेण घेतलं. कपाळाला आधी ते लावून वर कुंकू दाबायची रोजची सवय. त्या मेणात कुंकवाचे कण मुरलेले असतात हे डोक्यातच आलं नाही! बोट फिरवलं आणि फोटो सगळा तांबूस. फडकं घेतलं आणि पुसायला लागले.

बाई आल्या तेव्हा फोटो तुमच्या हातात होता. तुम्ही तो उलटा धरलात. "सूनबाई, काय केलंस ह्ये?"

"मेण संपलं हुतं. करंड्यातलं घेतलं."

"करंड्यातलं!" तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाई, चूक झाली आमची. आठ दिसानं नवा करून देतो. यष्टीचं भाडं माझ्याकडं लागलं."

"बघू द्या की आधी," बाई म्हणाल्या.

तुम्ही दिलात. बाकी सगळं स्वच्छ, आणि कपाळावर तेवढा एक लालसर ठिपका. बाईंनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला. मला वाटलं, आता रडतात, नाहीतर फोटो तुमच्या तोंडावर फेकतात, आणि उद्या सगळ्या वळसंगात दुकानाचं नाव.

"ह्ये पुसलं जाईल व्हय?" त्यांनी विचारलं.

"पुसायला बघतो," तुम्ही म्हणालात.

"तसं न्हाय. लेकीनं फडकं मारलं तर जाईल का, म्हनून इचारलं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग हळू म्हणालात, "न्हाय जायचं. कागदात मुरलंय."

"मग असूं द्या." त्यांनी फोटो लुगड्याच्या ओच्यात घातला. दारातनं वळून म्हणाल्या, "माझ्या लेकीनं मला अशीच बघितली हुती." आणि गेल्या यष्टीला.

तुम्ही मला रागावला नाहीत. पुढं वर्षानुवर्षं येईल त्याला सांगायचात, "आमची सून लई येंधळी, फोटोला बी कुंकू लावती." मी चहा देता देता हसायची. तुम्ही गेलात त्या वर्षीसुद्धा शेजारच्या शिंप्याला तेच सांगत होतात.

मामंजी, मेण घेतलं ते चुकूनच. देवाशपथ. पण पुसताना मी गालावरचं पुसलं, लुगड्यावरचं पुसलं, मागच्या पडद्यावरचं पुसलं. कपाळापाशी आले तेव्हा फडकं हातात होतं आणि वेळही पुष्कळ होता. तेवढं मी पुसलं नाही.