शर्यतीत रेती नको

मी, गुरुदास विश्राम मेतर, वय एकाहत्तर, धंदा मासेमारी, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणी पढवलेले नाही. वकिलांनी ‘सुखासमाधानात’ असा शब्द घातला होता, तो मी काढायला लावला.

१. राहते घर, मागचे माड आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी सीता हिला. तिच्या पश्चात सून संचिता हिला. संचिताने दुसरे लग्न केले तरी तिचा हक्क कमी होणार नाही. यावर नातेवाइकांनी तोंड उघडू नये.

२. जाळी आणि इंजिन विकून टाकावे. मला आता त्यांचे काही वाटत नाही.

३. शीडहोडी ‘लक्ष्मी’. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

इंजिने आल्यापासून शिडे दिवाळीनंतरच्या शर्यतीपुरतीच उरली. ‘लक्ष्मी’ मी बांधून घेतली, माझा मुलगा ओमकार ती हाकायचा आणि दरवर्षी पहिला यायचा. लहान होड्यांवाले कुरकुरू लागले. त्यांचे बरोबरच होते. लहान होडीला सूट हवी, पण द्यायची कशी? एक वर्ष घड्याळ लावून पाहिले. मागून आलेल्याची मिनिटे वजा केली आणि त्याला पहिला ठरवला. मानाचा नारळ एकाच्या हातातून काढून दुसऱ्याला दिला, तेव्हा किनाऱ्यावर हाणामारी झाली.

पुढच्या सभेत मी म्हणालो, लहान होड्या आधी सोडा, मोठ्या मागून. जो आधी किनाऱ्याला लागेल तो पहिला. माझा चुलतभाऊ दत्ताराम शर्यत मंडळाचा अध्यक्ष. तो म्हणाला, “दादा, सगळे एकदम सुटूक होये. नायतर शर्यत कसली? जलद होडयेत रेतीची पोती घाला, झाला!” हात वर झाले. पहिला हात त्याचा. ओमकार मला हसून म्हणाला, “बाबा, घालूंदेत. तरीय मीच पयलो येतलंय.”

त्या शर्यतीत खाडीच्या मुखाशी वारा फिरला आणि ‘लक्ष्मी’ उलटली. लाकडी होडी उलटली तरी तरंगते, माणूस तिला धरून राहतो. रेती भरलेली तरंगत नाही. ती ओमकारला घेऊन तळाला गेली. पिढ्यान्पिढ्या समुद्रात जाणारी माणसे आम्ही, पण हे एकालाही सुचले नाही. मलाही नाही, मी ‘लहान आधी सोडा’ म्हणालो ते नारळाच्या भांडणापायी.

तेव्हापासून दत्तारामशी बोललो नाही. राग म्हणावा तर आता तोही नीट येत नाही. रडू आलेले नाही. जेवतो, झोपतो. सीता म्हणते, “तुमी दगड झालास.” असेन.

४. होडी वर काढून दुरुस्त केली आहे. ती मी दत्तारामचा मुलगा मितेश याला आजच ताब्यात दिली. येथे फक्त नोंद करतो. ओमकारचा देह पाण्यातून मितेशनेच वर आणला. पण कारण तेवढेच नाही. यंदा शर्यत पुन्हा भरणार आहे आणि सभेत रेतीची भाषा पुन्हा निघाली आहे, असे कानावर आले. जलद होडी आता मितेशची आहे. रेती ठरली तर पोती त्याच्या पायाशी येतील.

५. होड्या जिथून सुटतात ती किनाऱ्याची माझी जागा शर्यत मंडळाला. अट एकच : लहान आधी, मोठ्या मागून. कुठल्याही होडीत रेती किंवा दगड घातल्यास जागा संचिताची. तिने खुशाल कुंपण घालावे.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देता येत नाही, असे वकील सांगतात. दत्तारामला मी काही दिलेले नाही, तेव्हा त्याला साक्षीदार व्हायला अडचण नाही. त्याला बोलावून आणावे. त्याने सगळे वाचावे आणि माझ्यासमोर सही करावी. ज्या हाताने रेती मागितली, त्याच हाताने. नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघावा; माझे काही अडणार नाही.

ठिकाण : तारकर्ली
दिनांक : २७ ऑक्टोबर २००६

लिहून ठेवणार : गुरुदास विश्राम मेतर (सही)

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली, म्हणून आमच्या सह्या :

१. शंकर बाबाजी कोळंबकर, शेजारी (सही)

२. दत्ताराम सखाराम मेतर, चुलतभाऊ (सही)
वाचलंय. रेती नको. दादा, माझो हात वर.