वस्तरा धरणारा हात

४ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.
मी ठीक आहे. तुम्ही आत्याचा काढा सुरू केल्याचं आईकडून कळलं. आत्यावर राग नाही, पण अशा काढ्यांनी साखर खरंच उतरू शकते, म्हणून तर भीती वाटते. तुमच्या गोळीनंही ती उतरते. दोन्ही मिळून फार उतरली तर घाम फुटतो, हात कापतो. आणि तुमच्या हातात वस्तरा असतो, बाबा! डॉक्टरांना काढ्याचं सांगाच. गिऱ्हाइकांपुढे 'आमच्या घरातली पहिली पदवीधर' म्हणून मिरवता ना मला? मग एकदा माझं ऐका तरी.
माया आहेच, काळजीही घ्या.
तुमची लेक

१९ जून

चि. मास्तरीणबाईंस अ. उ. आ.
साखर झपाट्यानं उतरली. डॉक्टरांनी शाबासकी गोळीला दिली, आक्कानं काढ्याला. मी मधल्यामध्ये गप्प! काढ्याचं सांगितलं तर डॉक्टर ओरडतील, सोडला तर आक्का तोंड फिरवेल. तुझ्या आईच्या आजारपणात तिनंच घर सांभाळलं, विसरलीस? सकाळी हात जरा कापतो, पण ते वयामुळे. पुढच्या खेपेला डॉक्टरांना नक्की सांगतो.
रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
तुझा बाबा

२ जुलै

चि. बाळीस आशीर्वाद.
घाबरू नकोस, तुझा बाबा बरा आहे. दाढी करताना त्याला घेरी आली आणि किराणावाल्याच्या गळ्याला वस्तरा लागला. जखम वरवरची, पण टाके पडले. दवाखान्यात तपासलं तर साखर तळाला गेलेली. डॉक्टर सगळ्यांदेखत मला बोलले. गोळी त्यांचीच होती ना? त्यांना कोण विचारणार? तूही आता मलाच दोष देशील, शिकलेली ना.
जमलं तर माया ठेव.
आत्या

२८ जुलै

चि. लेकीस अ. उ. आ.
तू रंगवून पाठवलेला फलक मिळाला. 'काढा, चूर्ण काहीही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.' अक्षर सुरेख आहे. पण आरशाजवळ लावला तर गिऱ्हाईक तो वाचून आधी माझ्या हाताकडे बघेल. कपाटात ठेवलाय, माफ कर.
काढा बंद आहे, साखर ताब्यात आहे. हात अजिबात हलत नाही. रिकाम्या खुर्चीपुढे वस्तरा धरून रोज बघतो. आक्का मात्र आमच्याकडे यायची बंद झाली.
काल किराणावाला आला. भला माणूस. दाढी नको, फक्त केस काप म्हणाला. मी त्याच्या अंगावर कापड टाकलं. केस कापून होईपर्यंत त्यानं कापडाखाली गळ्यावर हात धरून ठेवला होता.
तुझा लोभ तेवढा राहू दे.
बाबा