रामोनचं गाव

अबूधाबी, नोव्हेंबर १९६५

प्यारी अम्मा, हमदुल्लाचा सलाम.

मी खुशाल आहे. तेल कंपनीच्या भटारखान्यात रांधतो. तुझे गुडघे कसे आहेत?

इथल्या रामोन या मेक्सिकन वेल्डरला अकरा वर्षांमागे अमेरिकेने परवाना नाही म्हणून ट्रकमध्ये कोंबून मेक्सिकोत सोडलं. पुढच्या प्रेसिडेंटच्या वेळी तो परवान्यावर पुन्हा अमेरिकेतच शेतात राबला. तिसऱ्याने ते परवाने बंद केले, पण आपल्या हिंदी लोकांना दार उघडलं म्हणे! एका सहीने एवढी माणसं हलतात, अम्मा, मी थक्कच झालो.

रामोनने विचारलं, "तुझा परवाना?"

"नाही. लाँचमधून किनाऱ्यावर उतरलो. एका म्हाताऱ्या अरबाने आधी पाणी पाजलं, मग गाव विचारलं."

रामोन "मला गाव कुणी विचारलंच नाही," म्हणाला.

मग मी विचारलं. दुपारभर सांगत होता.

माझ्याकडे परवाना नाही हे शेजारी बोलू नकोस. दुवा कर.

तुझाच,
हमदुल्ला