अकोल्याले चाललेले गाणे

नितेश,

मी तुह्या बेबीमावशीकडे अकोल्याले चालली. वांग्याची भाजी गंजात हाय, भाकरी टोपल्यात. जेवून घेजो.

कॉम्प्युटर चालू ठेवला हाय. सवयीनं बटन बंद नको करजो. माह्या आन् बेबीच्या गाण्यांच्या फायली इथून सीध्या तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर जाऊन राहिल्या. मधात कोणाचा हात नाई, कोणाले उघडता येत नाई.

मांगं मी तुह्याजवळ पेन ड्राइव्ह देल्ला होता, अकोल्याच्या यष्टीच्या कंडक्टरले द्यायले. तू तो पयले घरीच उघडला आन् माहं गाणं घरच्या ग्रुपवर टाकलं. किसनकाकानं लिहिलं, बुढीले आता गायचं सुचलं. सारे हासले. तूही हासला. तुले वाटलं असन, आई आता गाणं सोडन. नाई सोडत. आज तिकडे दोघी बसून बाकीचेही रेकॉर्ड करतो.

"आई, तुले हे जमणार नाई," म्हणत होता ना? बेबीनं फोनवर तिकडचा कोड वाचला, मी इकडे टाकला, जमलं. मंग कॉम्प्युटरनं विचारलं, या अकोल्याच्या कॉम्प्युटरवर भरोसा हाय का? मी 'हाव' दाबलं. तुहा लॅपटॉपही घरच्याच वायफायवर हाय, म्हणून त्याच्याखाली त्याचंही नाव आलं. तिथं मी 'नाई' दाबलं.

तू माह्या पोटचा हायस. पण कॉम्प्युटरनं ते विचारलंच नोतं.

आई