संजूच्या डब्यातली घरं

१४ सप्टें., रविवार. सोलापूर
संजू जाऊन तीन महिने झाले. सास्तूरला आईला फोन केला. ती रडली नाही, मीही नाही. डबा चालू आहे का, एवढंच विचारलं. "हिरवी लाईट हाय की," म्हणाली.
डबा म्हणजे त्यानं घरी ठेवलेला छोटा लिनक्स कॉम्प्युटर. स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. तो पुण्याहून चालवायचा, आता मी इथून. सगळं वहीत क्रमानं लिहून ठेवलंय त्यानं. धाकटा भाऊ माझा, पण अजून शिकवतोय.

१७ सप्टें.
ऑफिसआधी इथूनच डब्यात शिरले. रेकॉर्डिंग सगळी जागेवर. १९९३च्या भूकंपाआधीच्या जुन्या गावातली घरं. संजू विचारतो, आई सांगते. प्रत्येक फाईलला घराचं नाव. 'चावडीमागचं सुताराचं.' 'लिंबाखालचं कुंभाराचं.' त्याचा आवाज उरलाय तो एवढाच, आणि तोही एकाच डिस्कवर. गावचं नेट इतकं मंद की इकडे ओढून घेता येत नाही. दसऱ्याला जाऊन प्रत आणायची.

१ ऑक्टो., खंडेनवमी
अंगात ताप. जाणं रद्द. सकाळपासून डबा उत्तर देईना. आईला फोन.
"आज कसा चालंल माय? हत्याराला इसावा आसतोय. वायर काढली, हळदकुकू लावलं, झेंडू वाहिला."
"यंदा आपल्याला सण नाही ना?"
"सण कुठं केला? गोडधोड न्हाय, काय न्हाय. पण त्याचं हत्यार बिनपूजेचं ठिवू व्हय?"
चालू डब्याची वायर थेट ओढलेली. रागाचं बोलणं तोंडाशी आलं होतं. बोलले नाही. बरं झालं.

२ ऑक्टो.
वायर लावली. हिरवी लाईट लागली, पण मला आत शिरता येईना. वहीत: 'वायर अचानक गेली तर डिस्क बिघडते. टीव्ही जोडून बघ.'
शेजारचे रहीमचाचा आले. पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. आमचा टीव्ही डब्याला जोडला, त्यांच्या मुलीचा कीबोर्ड आणला. मी व्हिडिओ कॉलवर.
"ताई, काळा पडदा हाय. पासवर्ड मागतोय."
एकेक अक्षर सांगितलं.
"दाबतोय की. उमटंना काहीच!"
"पासवर्ड उमटत नाही चाचा. दाबत राहा."
"अंधारात नट बसवायला लावताय तुम्ही मला."
मागून आई: "माझ्याच हातानं घालवलं मी त्याला."
तिसऱ्यांदा पासवर्ड लागला. डिस्क दुरुस्तीची कमांड सांगितली. आईचा चहा दोनदा गार झाला. मग डबा उठला.
मी चाचांचे आभार मानू लागले. "संजूनं माझा मोबाईल कितींदा नीट केला," ते म्हणाले, "तवा मी काय म्हणलो व्हतो?"

४ ऑक्टो.
आवाज आहेत. दुरुस्तीत फाईलींची नावं गेली. एका वेगळ्या फोल्डरात नुसते आकडे पडलेत.
डबा टीव्हीला जोडलेलाच आहे; मी इथून एकेक वाजवते, आई तिकडे ऐकते, मी फोनवर. ती दोन वाक्यांत ओळखते.
"सुताराचं. थांब, आता म्हशीचं इचारंल बघ संज्या."
विचारलं. दोघी हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
म्हटलं, "वायर काढली नसतीस तर हे तुझ्याबरोबर बसून कधी ऐकलं असतं मी?"
"लई शहाणी," म्हणाली. पण आवाज हलका झाला तिचा.

८ ऑक्टो.
चाचांनी डब्याला पेनड्राइव्ह लावला, मी इथून प्रत काढली. चाचांच्या कपाटात ठेवलीय. इतकं साधं मला आधी सुचलं नाही. रोज दहा-बारा घरांना नावं देतो. जुन्या गावातल्या गल्ल्या मला आता पाठ व्हायला लागल्यात. ज्या मी पाहिल्याच नाहीत. संजू, तुझे उपकार…

११ ऑक्टो., शनिवार
शेवटची फाईल. हिच्यात आई बोलतच नाही.
संजू: "सोनाराच्या पुढं कुणाचं घर, आई?"
मग बराच वेळ चिमण्या.
संजू: "बरं, राहू दे. सांगावं वाटंल तवा सांग."
मी फोन ठेवला नाही, काही विचारलंही नाही.
मग आई म्हणाली, "हे फोनवर न्हाय माय. तू ये."
सोमवारची रजा टाकली. फाईलला सध्या आकडाच ठेवलाय.