प्लेटांवरची पांढरी भुकटी

माथेवाडी, ५ मे

ती. तनुजाताईस सुरजचा शि. सा. न. वि. वि.

इथे फोनला रेंज नाही, म्हणून दुधाच्या जीपवाल्या सोपानरावांच्या हाती हे पत्र. मी कुशल आहे, यंत्र नाही. दिवसा सोलरच्या प्लेटा बॅटरी भरतील, रात्री वाऱ्यावरचा पंखा भर घालील आणि वाडीत उजाडेपर्यंत दिवे राहतील, असे सांगून कंपनीने मला चाकणहून वर पाठवले. प्रत्यक्षात जेवणे उरकायच्या आत दिवे मंदावतात. रविवारी साहेब मुक्कामी येणार. दिवे टिकले तर मी कायम, नाहीतर परत पॅकिंगला. दहावी नापासाला दुसरी संधी कोण देणार?

दिवसभर घरोघरी वायरिंग करतो. संध्याकाळी टेकडीवर जाऊन प्लेटा पुसतो, आवळलेले स्क्रू पुन्हा आवळतो. प्लेटांवर रोज पांढरी भुकटी सापडते. काच झिजत असावी, अशी भीती वाटते. थोडी पुडीत बांधून पाठवली आहे, भाऊजींना दाखवावी. हात लावल्यास साबणाने धुवावा. माझ्या जेवणाची आबाळ नाही. ज्या घरी जावे तिथे ताटात ताज्या पापड्या.

घरात मोठ्यांना नमस्कार. माझी काळजी करू नये, यंत्राची करावी.

तुझा सुरज

चऱ्होली, ७ मे

चि. सुरजास अनेक आशीर्वाद.

पुडी पोचली. तुझे भाऊजी सेकंड शिफ्टला होते, म्हणून मीच चाखून पाहिली. घाबरू नकोस, जिवंत आहे. तांदळाचं पीठ आणि मीठ. पापडखार जरा जास्त पडलाय. अरे शहाण्या, एकदा भर दुपारी टेकडीवर जाऊन ये. आणि बायकांवर ओरडू नकोस, वर्षाचं वाळवण असतं ते.

सासूबाईंना वाटतंय, तुमच्या कंपनीत पगार पिठात देतात.

खुशाली कळव, पुड्या पुरे.

तुझी ताई

माथेवाडी, १२ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुपारी गेलो. काच कुठेच दिसेना, सगळीकडे पापड्या. राखणीला कस्तुराकाकू. त्यांचे म्हणणे, हितं पापडी घटकेत वाळती, आन् वर पंखा गरगरतो म्हणून कावळा फिरकत न्हाई. मी समजावले की पापड्या ऊन खातात आणि बॅटरी उपाशी राहते. त्यांनी विचारले, मग कावळं काय तू हाकलनार व्हय?

तुझे ऐकून ओरडलो नाही. वाडीतल्या झोपायच्या बाजा टेकडीवर नेल्या आणि प्लेटांपासून बाजूला, पंख्याच्या खाली मांडल्या. पापड्या बाजांवर गेल्या. त्याच रात्रीपासून दिवे उजाडेपर्यंत टिकू लागले.

साहेबांच्या मुक्कामातही टिकले. निघताना त्यांनी काकूंना विचारले, यंत्र कसे वाटते. काकू म्हणाल्या, "पापड्या वाळवायला लई ब्येस. आन् वर दिवं फुकट."

साहेबांना हसता हसता ठसका लागला. मी कायम झालो. पुढच्या वाडीचे कामही मलाच आहे. सामानाच्या यादीत बॅटरी, तारा, प्लेटा यांच्याखाली साहेबांनी स्वतः लिहिले आहे : बाजा.

सोबत पापड्यांचा डबा. सासूबाईंना सांगावे, पगार रोखच मिळतो. माया आहे तशीच राहू द्यावी, आणि यावेळी हात धुण्याची गरज नाही.

तुझा सुरज