एकही गोळी न झाडता

५ एप्रिल १९८५, रामाकोना
या नोंदींतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: जनरल थॉर्नबी यांनी १८५८च्या वैशाखात येथील बंडखोर वस्ती एकही माणूस न मारता शरण आणली. तेव्हा ते नुसते कॅप्टन होते. पुढे ब्रह्मदेश, अफगाण सरहद्द, पदके, ‘सर’ ही पदवी. साऱ्या कारकिर्दीचा पाया हीच मोहीम. त्यांच्या पणतूने चरित्रासाठी मूळ कागद माझ्याकडे, तर्कशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाकडे, धाडले. मुखपृष्ठावर ‘प्रा. वामन त्र्यंबक देशकर’ असे छापले जाईल. याचा आनंद लपवत नाही.

सौंसरहून बसने पोहोचलो. जनरलांचा जुना बंगला भाड्याने मिळाला. भोवती संत्र्याची बाग, ओसरीवर गार माठ. त्या काळी वस्तीची असलेली दगडी विहीर आता कुंपणाच्या आत आहे. स्वयंपाकाला वस्तीतल्या देवकाबाई येतात. वांग्याची भाजी उत्तम झाली होती.

९ एप्रिल
दारूगोळ्याची वही तपासली. मोहिमेआधी काडतुसे चारशे, नंतरही चारशे. गोळी झाडली नाही. अर्थात कोणी मेले नाही. प्रकरण बांधून झाले. एक पत्र या मांडणीत बसत नव्हते. ते कागदांच्या पेटीच्या तळाशी ठेवले.

१५ एप्रिल
देवकाबाईंनी परवानगी मागितली. अक्षय तृतीयेला घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. त्यांची वस्ती दरवर्षी या विहिरीवर आणखी बावीस घागरी भरते, जनरलांच्या वेळी मेलेल्यांसाठी. मी बावीस जणांची नावे विचारली, पुरावा विचारला. त्या म्हणाल्या, मेलेल्यायले तहान लागते मास्तर, तिले कागद नाही लागत. मी नकार दिला. घागरी मान्य केल्या, की बावीस मृत्यू मान्य करावे लागतात. मग माझे पुस्तक उभे राहत नाही. फाटकाला कुलूप घातले. जाताना त्या हसून म्हणाल्या, की मास्तर लय शिकले जी, फक्त तहानेनं मरायचं तेवढं शिकायचं राहिलं.

१९ एप्रिल
सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा. तडा नाही, खाली ओल नाही. बाष्पीभवन, असे कारण लिहून ठेवतो.
माठाच्या काठावर भेगाळलेल्या ओठांचे ठसे आहेत. त्यांचे कारण लिहिलेले नाही.

२१ एप्रिल
देवकाबाई येत नाहीत. विहिरीत पाणी दिसते. बादली कोरडी वर येते. एकदा बादलीच्या तळाशी पेलाभर पाणी आले, ते तोंडाशी नेले. माझ्या आधी कोणीतरी प्यायले. संत्रे सोलले. आत भुसा. वस्तीत पाणी मागायला जाणे म्हणजे घागरी मान्य करणे; जाणार नाही.

२२ एप्रिल
पेटीच्या तळाचे पत्र काढले. जनरलांचेच अक्षर: ‘विहिरीवर पाच दिवस पहारा ठेवला. काडतुसे वाचली. सहाव्या दिवशी वस्ती शांत.’
हे मी पहिल्याच आठवड्यात वाचले होते. वाचले, आणि समजलो होतो.

२३ एप्रिल, अक्षय तृतीया
फाटकाबाहेर घागरींचा आवाज. देवकाबाई मास्तर, मास्तर म्हणून हाक मारत आहेत— माझी जीभ हलत नाही.
अंगणात ते बसले आहेत. भर उन्हात, विहिरीभोवती. मोजले. बावीस. दोन तर कडेवरची— त्यांच्यातून मला फाटकापर्यंत जाता येत नाही.
हे पान फाडून त्यात किल्ली गुंडाळीन आणि बाहेर फेकीन. देवकाबाईंना वाचता येत नाही. त्यांना किल्ली पुरेल. कागद पणतूला धाडावा.

कबुली: गोळी झाडली नाही, हे विधान खरे आहे. कोणी मेले नाही, हा निष्कर्ष खोटा. पण ती चूक नव्हती, ते मी जाणून केले. चूक एकच: पुरावा माझ्या पेटीत असताना तो तहानलेल्यांकडे मागितला.

शाई आटते आहे. आताच भरली होती— दौतीच्या काठाला ओठ—

स्वाक्षरी: वामन त्र्यंबक दे—